जॉर्ज नेल्सनने स्वतः नेमकं काय डिझाइन केलं?

ओसरी (पुणे)

नमस्कार मंडळी. मी इंटिरियर डिझायनर आहे, कॉलेज संपून फार काळ झालेला नाही, एका ऑफिसात ज्युनियर म्हणून काम करते. आमच्याकडे आळीपाळीने कोणीतरी एका डिझायनरवर बोलायचं असं चालतं आणि आता माझी पाळी आहे. मी जॉर्ज नेल्सन घेतलाय, कारण त्याचा मार्शमॅलो सोफा मला कॉलेजात असल्यापासून आवडतो, तो १८ गोल गोल गाद्यांचा, लोखंडी सांगाड्यावर नुसत्या टेकवल्यासारख्या दिसतात त्या. वाचायला बसले आणि गोंधळ उडाला. कारण तो सोफा नेल्सनने केलेलाच नाही म्हणे, त्याच्या ऑफिसातल्या आयर्व्हिंग हार्परने केला. बॉल क्लॉक म्हणून जे घड्याळ सगळीकडे दिसतं, आकडे नाहीत, नुसत्या १२ काड्या आणि टोकाला लाकडी गोळे, ते पण हार्परचं धरतात. कोकोनट चेअर जॉर्ज मुलहॉझरची. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीचा तो एम अक्षराचा लोगो, तो पण हार्परचा. म्हणजे मी स्लाइडवर जे जे फोटो लावले होते त्यातलं एकेक दुसऱ्याच कोणाचं तरी निघतंय.

आता प्रश्न असा की मग या माणसाचं करिअर नक्की कशाचं? सगळीकडे अमेरिकन मॉडर्न फर्निचरचा मोठा माणूस म्हणून नाव आहे ते उगाच का? की खरंच काही आहे आणि मला दिसत नाहीये?

थोडं मनातलं पण सांगते. माझ्या ऑफिसात मी रात्र रात्र बसून केलेली ड्रॉइंग्ज सरांच्या नावाने जातात. मध्ये आमचा एक फ्लॅट एका मासिकात छापून आला, त्यात फोटोग्राफरचं नाव होतं, क्लायंटचं होतं, टीममधल्या एकाही पोराचं नव्हतं. त्यामुळे हार्परबद्दल वाचताना आतून राग येत होता आणि मला तो राग प्रेझेंटेशनमध्ये उतरू द्यायचा नाहीये, नीट समजून घेऊन बोलायचंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

---

जुनासागवान (नाशिक)

ओसरी, प्रश्न फार चांगला विचारलास. मी आर्किटेक्ट, आता काम बरंच कमी केलंय, पण नेल्सन हा माझा आवडता माणूस, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तू सुरुवात चुकीच्या टोकाकडून करत्येस असं मला वाटतं. नेल्सन मुळात फर्निचरवाला नव्हताच. जन्म १९०८, हार्टफर्ड, कनेक्टिकट. येलमध्ये शिकला, आर्किटेक्चरकडे वळला तो अगदी योगायोगाने, पावसातून आडोशाला म्हणून एका इमारतीत शिरला ती नेमकी आर्किटेक्चरची निघाली, आत विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगचं प्रदर्शन लागलेलं होतं, ते बघून हेच करायचं ठरवलं, असं तो स्वतःच सांगायचा. १९३२ ला त्याला रोम प्राइझ मिळालं, म्हणजे रोममध्ये राहून अभ्यास करायची शिष्यवृत्ती. बाहेर मंदीने कंबरडं मोडलेलं, नोकऱ्या नाहीत, आणि हा पठ्ठ्या दोन वर्षं रोममध्ये. तिथे बसून जुने खांब आणि कमानी मोजत बसला असता तरी कोणी विचारलं नसतं, पण हा युरोपभर फिरला आणि मॉडर्न आर्किटेक्ट लोकांना गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या, कॉर्बुझिए, मीज व्हॅन डर रोह, ग्रोपियस, जिओ पाँटी. त्या मुलाखती अमेरिकेत पेन्सिल पॉइंट्स या मासिकात छापून आल्या. तेव्हा ही नावं अमेरिकेतल्या साध्या आर्किटेक्टला धड माहीत पण नव्हती.

परत आल्यावर १९३५ पासून आर्किटेक्चरल फोरम मासिकात संपादक. म्हणजे बघ, फर्निचरला हात लावायच्या आधी दहा वर्षं हा माणूस दुसऱ्यांची कामं बघत होता, निवडत होता, त्यावर लिहीत होता. मध्ये विल्यम हॅम्बीबरोबर प्रॅक्टिस पण केली, न्यूयॉर्कमध्ये शर्मन फेअरचाइल्डचं घर केलं, पण खरा धंदा संपादकाचा. हे लक्षात ठेवलंस की पुढचं सगळं उलगडत जातं.

१९४५ ला हेन्री राइटबरोबर त्याने टुमॉरोज हाउस हे पुस्तक लिहिलं, युद्ध संपल्यावर लोक घरं बांधतील ती कशी असावीत यावर. त्यात सामान ठेवायच्या जागेवरचं प्रकरण काही केल्या जमेना. आणि मग त्याने स्वतःला विचारलं की भिंतीच्या आत काय असतं? अमेरिकन घरांत दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे लाकडी चौकट, दोन बाजूंनी बोर्ड, मध्ये पोकळ. मग ती पोकळी जरा जाड केली, फूटभर, तर अख्खी भिंतच कपाट होईल, अर्धे खण या खोलीकडून उघडतील, अर्धे त्या खोलीकडून. हा स्टोरेजवॉल. लाइफ मासिकाने ते छापलं आणि एकदम गाजलं. आज आपण ज्याला पूर्ण भिंतीचं वॉर्डरोब युनिट म्हणतो आणि क्लायंटला सहज विकतो, त्याच्या मागे हा प्रश्न आहे. हे काम त्याचं आणि हेन्री राइटचं.

तेच बघून मिशिगनमधल्या हर्मन मिलर कंपनीच्या डी. जे. डिप्रीने त्याला बोलावलं. त्यांचा आधीचा डिझायनर गिल्बर्ट रोडी १९४४ ला वारला होता. नेल्सनने सांगितलं की मला फर्निचरमधलं काही कळत नाही. तरी घेतला. आणि डिझाइन डायरेक्टर झाल्यावर या माणसाने काय केलं, तर प्लायवूडच्या खुर्च्या करणाऱ्या चार्ल्स इम्सला तिथे आणायचा आग्रह धरला. मग शिल्पकार नोगुची आला, तो काचेचा टीपॉय नोगुचीचा. १९५२ ला कापडासाठी अलेक्झांडर जिरार्ड. जरा विचार कर, तू एका कंपनीची मुख्य डिझायनर आहेस, प्रत्येक खुर्चीमागे तुला रॉयल्टी मिळते, आणि तू मालकाला जाऊन सांगतेस की माझ्यापेक्षा बरं काम करणारी माणसं आहेत, त्यांना घ्या. किती जण करतील?

माझं म्हणणं एवढंच की हे संपादकाचं करिअर आहे. उत्तम मासिक काढणारा माणूस त्यातली प्रत्येक कविता स्वतः लिहीत नाही. त्याचा १९४८ चा हर्मन मिलरचा कॅटलॉग मिळाला कुठे तर नक्की बघ. कापडी बांधणीचं पुस्तक, प्रत्येक वस्तूचे फोटो आणि मापं, आणि किंमत तीन डॉलर. फर्निचरचे कॅटलॉग तेव्हा फुकट वाटायचे, याने विकला! प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं की आम्ही काय बनवायचं ते आम्ही ठरवणार, बाजार ठरवणार नाही, वस्तू प्रामाणिक असली पाहिजे, आणि चांगल्या डिझाइनला गिऱ्हाईक असतंच.

---

काटकोन (मुंबई)

सागवानकाका, तुमचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे वाचनीय, पण संपादकाचा मुद्दा मला अर्धाच पटला. संपादक कवितेखाली कवीचं नाव छापतो. नेल्सनने नाही छापलं. इथेच तर सगळी अडचण आहे.

मी प्रॉडक्ट डिझाइनमध्ये आहे म्हणून हार्परबद्दल जरा सविस्तर लिहितो. आयर्व्हिंग हार्पर, जन्म १९१६, न्यूयॉर्कचा. नेल्सनकडे यायच्या आधी गिल्बर्ट रोडीकडे होता, रेमंड लोवीकडे होता, म्हणजे तयार गडी. नेल्सनकडे १९४७ पासून १९६३ पर्यंत. लोगोची गोष्ट अशी की हर्मन मिलरची जाहिरात करायची होती आणि छापायला फर्निचरचा फोटोच नव्हता, तर याने मोठा एम काढला, त्यावर लाकडाच्या रेषा दाखवल्या, झालं. तो एम पुढे सुबक होत गेला आणि आजही चालू आहे. लोगो करून द्या असं कोणी सांगितलेलंच नव्हतं.

मार्शमॅलो सोफा १९५६ चा. लाँग आयलंडचा एक संशोधक ऑफिसात आला, म्हणाला मी प्लॅस्टिकच्या गोल गाद्या स्वस्तात काढू शकतो, साधारण १२ इंची चकत्या. त्या वापरून काहीतरी करा म्हणून हार्परला सांगितलं आणि त्याने एका वीकेंडला १८ चकत्या मांडून हा सोफा काढला. पुढे झालं असं की त्या माणसाची पद्धत चाललीच नाही, चकत्या निघेचनात. सोफा मात्र सगळ्यांना आवडलेला. मग प्रत्येक गादी हाताने भरून, हाताने कापड चढवून करायला लागली आणि स्वस्त म्हणून जन्माला आलेला सोफा महागडा झाला, त्यामुळे त्या काळात फार बनलेच नाहीत. ओसरी, हे प्रेझेंटेशनमध्ये जरूर सांगा, कारण फोटोत तो इतका खेळकर दिसतो की त्याच्या प्रत्येक गोळ्यामागे बसलेला अपहोल्स्टरीवाला कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. आपल्याकडे कोणी गोल उशी शिवून घेतली असेल तर कळेल, चौकोनी गादीला कोपऱ्यात चूक लपवता येते, गोलाला कोपराच नाही, कापड सगळीकडून सारखं ओढलं गेलं नाही की लगेच चुण्या दिसतात. तसं १८ वेळा, एका सोफ्याला.

हार्पर २०१५ पर्यंत जगला. २००१ मध्ये एका मुलाखतीत त्याने जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा की ऑफिसच्या कामाला एकच नाव लागायचं ही तेव्हाची रीत होती, नेल्सनचे माझ्यावर उपकार आहेत, तो हयात होता तोवर मी काही मागितलं नाही, पण आता कोणी मार्शमॅलोला नेल्सनचा सोफा म्हणालं की मला लागतं. मी होऊन सांगायला जात नाही पण कोणी विचारलं तर खुशाल सांगतो. यात कडवटपणा नाही हे मान्य, पण १६ वर्षं काम केलेल्या माणसाला म्हातारपणी असं म्हणावं लागावं हे मला वाईट वाटतं आणि ते तसंच लिहिलं पाहिजे.

आता नेल्सनच्या बाजूने एक गोष्ट, कारण न्याय दोन्हीकडे हवा. बबल लॅम्प. त्याला ऑफिससाठी स्वीडनचे रेशमी कापडाचे गोल लटकते दिवे हवे होते. दुकानात सेल लागलेला, शेवटचा एकच पीस राहिलेला, त्यावर बोटांचे डाग, आणि किंमत १२५ डॉलर. तो भडकला. आणि त्याला आठवलं की वर्तमानपत्रात एक फोटो बघितला होता, युद्ध संपल्यावर नुसती उभी करून ठेवलेली मालवाहू जहाजं, गंजू नयेत म्हणून त्यांच्या डेकवर जाळी पसरून वरून प्लॅस्टिकचा फवारा मारत होते, ते प्लॅस्टिक कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सोडत भोकं भरून काढायचं. मग याने ते बनवणारा शोधला, पोलादी तारेचा सांगाडा केला, त्यावर तोच फवारा मारला, आत बल्ब लावला आणि सगळा गोळा उजळून निघाला. जहाजाचं पांघरूण बघून दिवा सुचणं हे कोणत्याही ज्युनियरचं श्रेय नाही, ती त्याचीच नजर. हॉवर्ड मिलर कंपनीने १९५२ पासून ते विकायला काढले आणि आजही विकले जातात.

---

हिंजवडीकर

मी डिझाइनवाला नाही, आयटीतला आहे, पण ॲक्शन ऑफिसबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून येतोय. आपण जे क्यूबिकल म्हणतो, ज्यात मी गेली कित्येक वर्षं बसतोय, त्याच्या मुळाशी पण हा नेल्सन आहे आणि गंमत नाही, खरंच वाचण्यासारखं आहे.

हर्मन मिलरमध्ये रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाचा संशोधक होता, त्याचा अभ्यास असा की माणसं ऑफिसात दिवसभर एकाच टेबलाला चिकटून बसली की डोकं चालत नाही. त्याच्या अभ्यासावर नेल्सनच्या ऑफिसने फर्निचर केलं, १९६४ चं ॲक्शन ऑफिस. उभं राहून काम करायचं उंच टेबल, टेकायला उंच स्टूल, फोनवर बोलायला वेगळा आडोसा, ॲल्युमिनियमचे सुंदर पाय. आणि टेबलाला पट्ट्यापट्ट्यांचं सरकतं झाकण, शटरसारखं, म्हणजे संध्याकाळी अर्धवट काम आहे तसं पसरलेलं ठेवून वरून झाकण ओढायचं आणि घरी जायचं, सकाळी उघडलं की आदल्या दिवशीचा पसारा जागच्या जागी. हे वाचलं तेव्हा मला वाटलं की या माणसाने काम करणाऱ्याकडे नीट बघितलंय. आमच्याकडे क्लीन डेस्क पॉलिसीच्या नावाखाली रोज सगळं उचलायला लागतं.

पण महाग पडलं, विकलं गेलं नाही. मग १९६८ ला प्रॉप्स्टने दुसरी आवृत्ती काढली, त्यात नेल्सनचं काही चाललं नाही, तिच्यात हलक्या पार्टिशनवर सगळं टांगायचं. प्रॉप्स्टची कल्पना होती की पॅनेल मोकळ्या कोनात लावावीत, जागा ऐसपैस राहील, पण कंपन्यांनी ती काटकोनात लावली कारण तशी जास्त माणसं बसतात. तिथून आजचं क्यूबिकल.

आणि नेल्सनने १९७० मध्ये त्याच हर्मन मिलरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, रॉबर्ट ब्लेकला, पत्र लिहून सांगितलं की ही सिस्टिम माणसांना सुख देणारी नाही, कमीत कमी जागेत जास्तीत जास्त देह कोंबायचे असतील तर मात्र झकास आहे, आणि तसं मार्केट मोठं आहे. ज्या कंपनीच्या जिवावर आपलं ऑफिस चाललं तिच्याच सर्वात खपणाऱ्या मालाबद्दल हे लिहिलंय. क्यूबिकल त्याच्या नावावर टाकणारे लेख नेटवर बरेच आहेत, कृपया ते तसंच उचलू नका.

---

झीलंडजवळून (मिशिगन)

मी ग्रँड रॅपिड्सला असतो, हर्मन मिलर कंपनीचं गाव झीलंड इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. छोटं डच लोकांचं गाव, रविवारी अजूनही शांत शांत. हा सगळा पट्टाच फर्निचरवाल्यांचा, ग्रँड रॅपिड्सला फर्निचर सिटीच म्हणायचे.

नावांचा घोळ होतो म्हणून सांगतो. हर्मन मिलर हा डिझायनर नव्हे, तो डिप्रीचा सासरा. जावयाने १९२३ मध्ये सासऱ्याच्या मदतीने मिशिगन स्टार फर्निचर कंपनी विकत घेतली आणि कंपनीला सासऱ्याचं नाव दिलं. वर काटकोन यांनी जे हॉवर्ड मिलर लिहिलंय तो या हर्मनचा मुलगा, त्याची घड्याळांची कंपनी, ती पण झीलंडलाच होती. म्हणजे नेल्सनची घड्याळं आणि दिवे मेव्हण्याकडे आणि खुर्च्या-कपाटं भाऊजींकडे. आता हर्मन मिलर आणि नोल या दोन जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या २०२१ पासून एकत्र झाल्यात, मिलरनोल नावाने.

डिप्री फार धार्मिक माणूस. आधी ते जुन्या राजवाडी फर्निचरच्या नकला बनवायचे, त्याकाळी सगळेच बनवायचे. रोडीने त्याला १९३० च्या सुमारास पटवलं की नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून मुद्दाम रंगवणं ही लबाडी आहे. आणि डिप्रीला ते धर्माच्या अंगाने पटलं! काकांनी वर प्रामाणिक वस्तू म्हटलंय ना, तो शब्द नेल्सनने हवेतून काढला नव्हता, मालकाच्या मनात ती जमीन आधीच तयार होती. चांगला मालक मिळणं हेही डिझायनरच्या करिअरमधलं मोठं काम असतं आणि ते कोणी लिहीत नाही.

---

ओसरी (पुणे)

बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, मासिकाचा मुद्दा एकदम डोक्यात बसला, पण काटकोन म्हणतात ते पण खरंच आहे, खाली नाव नको का? मी आता असं ठरवलंय की प्रत्येक फोटोखाली ऑफिसचं नाव आणि खाली माहीत असेल तिथे करणाऱ्याचं नाव असं लिहायचं. बॉल क्लॉकचं काय लिहू पण? कारण कुठे नोगुचीचं नाव पण दिसलं.

आणि अजून एक, हे फक्त नेल्सनच्या ऑफिसात होत होतं की तेव्हा सगळीकडे असंच?

---

काटकोन (मुंबई)

बॉल क्लॉकची गोष्ट नेल्सननेच सांगितलेली आहे. एका रात्री तो, हार्पर, नोगुची आणि घुमट बांधणारा बकमिन्स्टर फुलर असे चौघं जमले होते, दारू चाललेली, ड्रॉइंगच्या कागदाचा रोल पसरलेला आणि घड्याळांवर एकमेकांच्या रेघांवर रेघा मारणं चाललेलं. सकाळी रोल उलगडून बघितला तर त्यात हे घड्याळ. कोणी काढलं कोणालाच आठवेना, नेल्सनचा अंदाज होता नोगुचीने. आता बहुतेक जाणकार हार्परचं धरतात. तुम्ही "जॉर्ज नेल्सन असोसिएट्स, आयर्व्हिंग हार्पर" लिहा आणि तोंडी ही गोष्ट सांगा.

घड्याळावर आकडे का नाहीत ते पण सांगा, त्यात नेल्सनचा विचार होता. त्याचं निरीक्षण असं की आपण वेळ आकडे वाचून बघत नाही, काट्यांच्या कोनावरून ओळखतो. आणि मनगटावर घड्याळ आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे वेळेपेक्षा शोभेचंच काम जास्त उरलं, तर मग ते तसंच मोकळेपणाने करूया. प्रश्न त्याने विचारायचा, उत्तर हार्परने काढायचं, असं ते ऑफिस चालायचं. मला दोघांचाही हेवा वाटतो खरं तर.

---

शेवगा (ठाणे)

तेव्हा सगळीकडे असंच होतं का, याचं उत्तर बऱ्याच अंशी हो. १९४६ ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये इम्सच्या प्लायवूडच्या खुर्च्यांचं प्रदर्शन झालं, त्यावर नाव एकट्या चार्ल्स इम्सचं. त्या प्लायवूडवर हॅरी बेर्टोयाने काम केलं होतं, हर्बर्ट मॅटर होता, ग्रेगरी एन होता, आणि रे इम्स, म्हणजे चार्ल्सची बायको, जी प्रत्येक गोष्टीत बरोबरीने होती, तिचंही नाव नाही. त्यातली काही माणसं त्यानंतर सोडून गेली. बेर्टोया नोल या फर्निचर कंपनीकडे गेला आणि १९५२ मध्ये त्याची तारेची डायमंड चेअर आली, स्वतःच्या नावावर. रे ला योग्य मान मिळायला तर कित्येक दशकं लागली. बाईच्या बाबतीत हे दुप्पट होतं, ते ओसरीला मी वेगळं सांगायला नको.

अवांतर: याच चार्ल्स आणि रे ला भारत सरकारने बोलावलं होतं, १९५८ मध्ये त्यांनी इंडिया रिपोर्ट दिला, ज्यात आपल्या साध्या लोट्याचं इतकं बारकाईने कौतुक आहे की वाचून घरातल्या लोट्याकडे परत बघावंसं वाटतं. त्यातून १९६१ ला अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी संस्था उभी राहिली. त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

---

जुनासागवान (नाशिक)

काटकोन, नावाचा मुद्दा मान्य, मी त्यावर वाद घालणार नाही. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत माझीही ड्रॉइंग्ज दुसऱ्यांच्या नावाने गेली, आणि पुढे माझ्या ऑफिसात मी शीटच्या कोपऱ्यात ज्याने काढलं त्याची अक्षरं घालायला लावायचो. ओसरी, तू पण घालत जा, कोणाला विचारायची गरज नाही, शीटवर "ड्रॉन बाय" चा रकाना त्यासाठीच असतो. आणि नोकरी सोडशील तेव्हा पोर्टफोलिओत अमुक ऑफिसात असताना केलेलं काम, माझा वाटा एवढा, असं स्पष्ट लिही.

मॉस्कोचं राहिलंच. १९५९ ला अमेरिकेने मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कात सहा आठवड्यांचं प्रदर्शन भरवलं, शीतयुद्ध ऐन भरात असताना. अमेरिकेचा उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह यांचा तो नमुन्याच्या स्वयंपाकघरातला वाद तिथेच झाला. त्या सगळ्या प्रदर्शनाचं डिझाइन नेल्सनकडे होतं. फुलरचा मोठा घुमट, आत इम्स जोडप्याची सात पडद्यांवर एकाच वेळी चालणारी फिल्म, दोन हजारांच्या वर चित्रं, अमेरिकेतला एक दिवस आणि एक शनिवार-रविवार. दुसऱ्या भागात नेल्सनच्या ऑफिसने लोखंडी पाइपांची उंच चौकट उभी केली, मुलांच्या बागेत चढायला असते तशी पण कित्येक पट मोठी, आणि तिच्या खणाखणांत भांडी, टोस्टर, बूट, खेळणी, जे काय अमेरिकेत घरोघरी असतं ते भरून टाकलं. वस्तू हजारो, वेळ थोडा, पैसा सरकारी, आणि बघायला येणारे लोक ज्यांना सांगितलं गेलंय की हे सगळं खोटं आहे. एवढ्या माणसांना एका कामाला जुंपून ते वेळेत उभं करणं, यासाठी कुठलंही म्युझियम तुम्हाला स्टँडवर ठेवत नाही, कारण सहा आठवड्यांनी ते मोडून टाकतात. त्याच्या करिअरचा मोठा भाग असल्या कामात गेलाय आणि म्हणून फोटो शोधत गेलं की हाती फक्त हार्परचा सोफा लागतो.

शिवाय लिहिणं त्याने कधी सोडलं नाही. १९५७ ला प्रॉब्लेम्स ऑफ डिझाइन, १९७७ ला हाउ टु सी. १९६० मध्ये टीव्हीवर हत्यारांच्या डिझाइनवर कार्यक्रम केला, माणसं मारणं हा डिझाइनचाच एक प्रश्न म्हणून कसा सुटत गेला, दगडापासून बॉम्बपर्यंत. अमेरिकेत, त्या वर्षी. हे बोलायला छाती लागते.

---

ओसरी (पुणे)

काका, ड्रॉन बाय चा रकाना आमच्या टेम्प्लेटमधून काढून टाकलेला आहे, उद्याच परत टाकते. तो टीव्हीवरचा कार्यक्रम शोधून बघते आजच.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. त्या ऑफिसातून बाहेर पडून स्वतःचं नाव केलेले लोक आहेत का? आणि बायका होत्या का तिथे?

---

काटकोन (मुंबई)

आहेत, चांगले दणदणीत आहेत. एत्तोरे सॉट्सास १९५६ ला इटलीहून न्यूयॉर्कला येऊन थोडा काळ नेल्सनकडे राबला, पुढे ऑलिव्हेट्टीचा लाल टाइपरायटर आणि मेम्फिस ग्रुप हा भडक रंगांच्या फर्निचरवाल्या डिझायनरांचा गट. मायकल ग्रेव्हज हार्वर्ड झाल्यावर तिथे होता, तोच तो पक्ष्याच्या शिट्टीची किटली केलेला. चार्ल्स पोलॉकने नेल्सनच्या स्वॅग लेग या फर्निचर मालिकेच्या पायांवर काम केलं आणि पुढे नोलसाठी स्वतःच्या नावाची ऑफिस खुर्ची केली.

हार्परने स्वतः काय केलं तेही सांगतो. १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरसाठी क्रायस्लरचं पॅव्हिलियन चालू होतं, कामाचा ताण भयंकर, तर रात्री घरी जाऊन डोकं शांत करायला कागद कापून शिल्पं करायला लागला. जनावरं, मुखवटे, घुबडं, कागद, पुठ्ठा, टूथपिक, हाताला येईल ते. पुढे कित्येक वर्षं केली, राय गावातलं अख्खं घर भरलं आणि एक पण विकलं नाही. ती त्याच्याकडेच राहिली, त्याच्या नावाची. शेवटी शेवटी त्यांचं पुस्तक निघालं, ते त्याने बघितलं.

आणि बायकांमध्ये लुशिया डेरेस्पिनिस. प्रॅट इन्स्टिट्यूटमधून इंडस्ट्रियल डिझाइन शिकलेली, १९५६ ते १९६३ नेल्सनच्या ऑफिसात, तिथल्या घड्याळांमधली काही तिची आहेत, पण विकताना सगळ्यांवर नाव नेल्सनचं. पुढे दुसऱ्या ऑफिसात असताना डंकिन डोनट्सचे गुलाबी आणि नारिंगी रंग तिने निवडले, तिच्या मुलीचे आवडते म्हणून, म्हणजे ज्यांनी नेल्सन हे नाव आयुष्यात ऐकलं नाही त्यांनी पण तिचं काम रोज बघितलंय. नंतर प्रॅटमध्येच ती वर्षानुवर्षं शिकवत होती. ओसरी, तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये तिला एक पूर्ण स्लाइड द्या, घड्याळासकट.